दहा मिनिटं

बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात.
माझ्याकडे माती नाही, काजळी आहे,
आणि तीही मी लोकांच्याच घरातून उचलून नेते,
वर पैसे मागते.

मी उर्वे कालास्ते. वोरू गाव, एस्टोनिया.
धुराडी साफ करते.
ब्रश बाबांचा, शिडी बाबांची,
नवी फक्त गाडीच्या दारावरची अक्षरं.
पहिल्या हिवाळ्यात फोन अकरा वेळा वाजला.
त्यातले चार बहिणीचे.

वाचनालयातली माइवे म्हणाली,
लोक जमतात तिथे जाऊन बोल.
दहा मिनिटं माग.
दहा मिनिटं कुणी नाही म्हणत नाही.

लोक जमतात तिथे!
आमच्याकडे लोक जमले तरी एकेकटेच जमतात,
दोघांच्या मध्ये
एक खुर्ची कोटाला ठेवून.

तरी वहीत लिहून काढलं:
मधमाशीवाले, पहिला गुरुवार.
अग्निशमनाचे स्वयंसेवक, सोमवारी, सॉनाच्या आधी गाठावेत.
चर्चच्या तळघरातली कॉफी.
शाळेचं उत्तर आलं, वसंतात बघू.
तार्तूला उद्योजकांची न्याहारी,
बोलणाऱ्यानेच साठ युरो भरायचे.
साठ युरो म्हणजे माझी दीड धुराडी.
खोडलं.

सुरुवात माइवेकडेच.
पाच माणसं, त्यात एक माइवे,
एक वर्तमानपत्रासाठी आलेला.
मी कागद वाचला.
माझ्याच अंगठ्याचा काळा ठसा
नेमका ‘सुरक्षितता’ या शब्दावर.
दहा मिनिटांचं भाषण चार मिनिटांत संपलं
आणि उरलेली सहा मिनिटं
आम्ही सगळे हीटरकडे बघत बसलो.

अग्निशमनवाल्यांनी माझ्या तीन चुका काढल्या.
पण निघताना त्यांच्यातल्या आइव्हरने दोन पत्ते दिले.
घरं जळायच्या आत जा, म्हणाला.
तो विनोद होता हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

मग बायकांचं गायनमंडळ.
तालमीच्या मधली सुट्टी, बिस्किटं संपेपर्यंत.
उंच छताचं सभागृह, चाळीस गळे,
सगळे कमावलेले,
आणि त्यांच्यापुढे माझा, धुराने घासलेला.
दुसऱ्याच वाक्याला मागून कुणी म्हणालं,
ऐकू येत नाही.
मी कागद पुढे धरला. ऐकू येत नाही.

तेव्हा आठवलं,
मी तर आयुष्यभर छपरावरून बोलत आलेय.
धुराड्यात तोंड घालून ओरडायचं,
‘चुलीचं दार लावलंत का?’
आणि खाली स्वयंपाकघरात
बाई दचकून चुलीलाच उत्तर देते, ‘लावलंय!’
तीस फूट विटांमधून माझा आवाज उतरतो,
अंधारातून, वळणातून,
कावळ्याच्या घरट्याला वळसा घालून.

कागद घडी करून खिशात टाकला.
बादली आणली होती, ती टेबलावर ठेवली.
हे काल पिकली रस्त्यावरच्या एका घरातून निघालं, म्हटलं,
कुणाच्या ते सांगणार नाही.
चाळीस माना पुढे झुकल्या.
वास पोचला होता. भाषण नंतर पोचलं.

हिशेब सांगते.
त्या संध्याकाळची गिऱ्हाइकं तीन.
एकीने फोनवर नाव सांगितलं नाही,
फक्त विचारलं,
ते घर माझं तर नव्हतं ना?
(होतं.)

आणि मागून ‘ऐकू येत नाही’ म्हणणारी हिल्या,
ती आता सगळीकडे येते.
मधमाशीवाल्यांकडे आली, एकही पोळं नसताना.
तळघरात आली, पहिल्या रांगेत बसली.
मी विचारलं, तुमचं धुराडं कधी बघू?
म्हणाली, माझ्याकडे धुराडं कुठलं?
चौथा मजला. रेडिएटर. सत्त्याहत्तर सालापासून.

मग येता कशाला, हे मी विचारलं नाही.
आमच्याकडे तसं विचारत नाहीत.
तिने माझ्या काळ्या कोटाचं पितळी बटण
दोन बोटांनी धरलं,
शकुनासाठी धरतात तसं,
पण त्याहून थोडा जास्त वेळ.

पुढचा गुरुवार, रौगे, मासेमारांचा संघ.
दहा मिनिटं, सूप यायच्या आत.
हिल्याचा फोन आला होता.
गाडीत जागा आहे का,
आणि बादली या वेळी
तिने धरली तर चालेल का.