शून्याजवळचे आकडे

विचारलंत म्हणून सांगते, खोक्यात फार काही नसतं:
करंगळीएवढा पंखा,
एक लेझर,
आणि त्याच्या वाटेत येणारा धूर.
कण आला की उजेड विखुरतो,
विखुरलेला उजेड मोजायचा. झालं.
तिसऱ्या वर्षाच्या पोरींना परवडेल, झेपेल, इतपत.

असली अकरा खोकी
वसतिगृहाच्या खिडकीत बसून जोडली आम्ही,
मी आणि उयांगा.
तिच्या अंगठ्यावर सोल्डरचा चटका अजून आहे.

उलानबातरच्या उत्तरेला बस जिथून माघारी फिरते
तिथून पुढे टेकडी, आणि टेकडीभर गेर,
गोल, नमद्याचे, प्रत्येकाच्या टाळूतून धुराची एक काडी.
उणे एकतीस. पेन लिहीना,
म्हणून नोंदी पेन्सिलीने.
बॅटऱ्या डेलच्या आत, छातीशी,
रात्री जन्मलेल्या कोकरासारख्या.

सात नंबरचं घर बाद्राखचं.
आयुष्यभर गोबीतून ट्रक हाकलेला माणूस,
एकटा, खोकत खोकत हसणारा.
"हे ऐकतं का गं?"
नाही, फक्त धूर मोजतं.
"मग धुराला सांगून ठेवतो, पोरी आल्यात, नीट वाग."
खारट चहा दिला. दह्याचा सुकवलेला खडा दिला,
तो बस येईपर्यंत गालात होता.

चार चुलींवर आम्ही बेतलेलं झाकण बसवलं.
झाकणाने घरातला धूर घटतो, हे आमचं गृहीतक.

मग आकडे येऊ लागले.
रात्रभर, लॅपटॉपवर, ठिपका ठिपका करत.
महिन्याभरात कळलं, प्रत्येक घराचं अक्षर वेगळं:
तीन नंबर आळशी, उताराने लिहितं,
नऊ नंबरमध्ये तान्हं असणार, रेघ सारखी दचकते,
आणि सातमध्ये रोज पहाटे तीन चाळीसला
एक सुई उभी राहते.
म्हातारा उठतो, चुलीत कोळसा घालतो.
"झोपत नाही गं हा," उयांगा म्हणाली.
मी म्हटलं, तू अक्षांची नावं लिही आधी.

फेब्रुवारीत एका पहाटे
तीन चाळीस आले आणि गेले.
सुई नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या.
रेघ खाली, गुळगुळीत, अकरा, नऊ, आठ,
टेकडीवर कुणी कधी न श्वासलेली हवा.
मी लाल पेनाने गोल केला, बाजूला लिहिलं: झाकण!
कॅन्टीनमध्ये दोघींसाठी बूझ मागवले,
वाफ निवायच्या आत पोस्टरचा मथळाही ठरवला.

उयांगाने खाता खाता शेजारचा रकाना उघडला,
जो आम्ही कधीच बघत नव्हतो,
चिप तापमानही टिपते, फुकटात.
सात नंबर, घराच्या आत: उणे बावीस.

बूझ तसेच राहिले.

उंबऱ्यावर बर्फ, बर्फावर पाऊल नाही.
शेजारीण कुंपणावरून म्हणाली,
मंगळवारी नेलं त्याला, छातीच्या दवाखान्यात.
जाताना बजावून गेला,
पोरींच्या डब्याची वीज कुणी काढू नका.

सरांना विचारलं, हे नऊ दिवस ठेवायचे की गाळायचे?
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
गाळा, म्हणाले, पण कारण लिहा.
तक्त्याखाली, बारीक टाइपात, उयांगाने लिहिलं:
घर क्र. ७, नऊ दिवस वगळले. चूल पेटली नाही.

ते दिवस गेले आणि आमचं यशही गेलं.
उरला सहा टक्क्यांचा फरक,
आणि त्याच्याहून लांब चुकीची दांडी.
पोस्टरला जागा मिळाली दाराजवळ, वाऱ्यात.
परीक्षकाने विचारलं, मग निष्कर्ष?
अजून माहीत नाही, उयांगा म्हणाली,
आणि ओशाळली नाही.

मार्चमध्ये तिने मला हलवून उठवलं.
पडद्यावर सात नंबर, तीन बेचाळीस,
चारशे बारा, पट्टी लालभडक, अतिघातक,
आणि आम्ही दोघी गाद्यांवर उड्या मारतोय,
खालच्या मजल्यावरून कुणीतरी पाइप बडवतंय.

उजाडल्यावर झाकणाचं चित्र पुन्हा काढायला घेतलं.
दोन मिनिटं उशीर का झाला त्याला,
ते विचारायला शनिवारी जाणार आहोत.