हेल्दुरच्या घरचा पत्ता

हापसालूत स्टेशन आहे, गाडी नाही.
लांबच लांब फलाट, छताला लाकडी झालर,
आणि आत एक संग्रहालय.
त्याच्या समोर, दुसऱ्या मजल्यावर,
बोटींची तिकिटं विकणारी वेबसाइट आम्ही सांभाळतो:
मी, एक कुरकुरणारा हीटर,
आणि जुन्या सर्व्हरचा पंखा, ज्याची आज शेवटची रात्र.

अकराला नव्या मशीनवर कोड कंपाइल केला.
एकही चूक नाही. साधा इशारासुद्धा नाही.
अशा वेळी मी घाबरते.
चालू केला, तर उंबऱ्यातच अडखळला:
लिबप्राम सापडत नाही.

प्राम म्हणजे बोट, गाड्या वाहणारी, सपाट पोटाची.
लिबप्राम म्हणजे तिचा हिशोब:
कुठल्या डेकवर किती ट्रक, किती सायकली,
घोडा असेल तर ट्रेलर धरून किती मीटर.
अरे, आहे की ती! /ऑप्टमध्ये, डोळ्यांसमोर.
एक सोडून दोन आहेत, जुनी आणि नवी,
जावांसारख्या, एकाच आडनावाच्या,
एकमेकींशी न बोलणाऱ्या.
यादीत जी आधी, तिचंच घरात चालतं.
पण हा बाबा दोघींकडेही बघेना.
कंपाइल होताना बोट धरून दाखवलेली वाट
चालताना कामाची नसते,
हे मला ठाऊक होतं. तरी दहा मिनिटं चिडले.

मग तयार झालेली फाइलच उघडली.
सगळा चिखल, अगम्य चिन्हांचा,
आणि मधोमध एक ओळ, कोरडी, स्वच्छ:
/होम/हेल्दुर/आयुतिने/लिब

आयुतिने म्हणजे तात्पुरतं.

हेल्दुर निवृत्त होऊन हीउमा बेटावर गेला, मेंढ्या पाळतो.
साडेअकराला फोन उचलला, जागाच होता.
"मेंढी व्यायला झालीय, लवकर बोल."
मी पत्ता वाचून दाखवला.
तो हसला, मग बराच वेळ नुसता वारा.
"आमच्या वेळी समुद्र गोठायचा, लीविका.
बर्फावरून गाडी घालून ऑफिसात यायचो.
दर हिवाळ्यात जाडी मोजून
जुनिपरच्या फांद्या नव्याने रोवायचे.
गेल्या वर्षीच्या खुणेवर विसंबला, तो बुडाला."
"आणि हे तूच लिहिलंस?"
"एका रात्रीपुरतं. सकाळी काढणार होतो."
"कुठली रात्र?"
"लीसीला दात येत होते तेव्हाची."

लीसी आता बारावीत आहे.

योग्य उपाय मला माहीत होता.
घराचा पत्ता लिहूच नये.
लिहावं: मी उभा आहे तिथून एक पायरी वर, मग डावीकडची खोली,
म्हणजे मशीन बदललं तरी खोली सोबत येते.
पण त्यासाठी सगळं पुन्हा बांधायचं, पुन्हा तपासायचं,
आणि सातला पहिली बोट:
तीस गाड्या, दुधाचा टँकर, एक पियानो,
आणि शाळेत दात तपासायला निघालेली डॉक्टर.
त्यांच्या तिकिटांची वाट लागली असती
माझ्या शुद्ध आचरणापायी.

म्हणून नव्या मशीनवर हेल्दुरला घर बांधून दिलं.
दोन ओळींत. दार नाही, पलंग नाही,
आयुतिने नावाची एक खोली,
तिच्यात लिब नावाची नुसती खूण,
खऱ्या कपाटाकडे बोट करणारी.
कोड आला, वाट वाकडी करून त्या रिकाम्या घरात डोकावला,
आणि समाधानाने कामाला लागला.

दोनला मीच फोन केला.
"चाललं. तुझं घर आहे इथे अजून."
"भाडं मागू नकोस," तो म्हणाला.
"जुळी झाली. एक कोकरू उभं राहिलंय,
आईच्या पोटाखाली चुकीच्या टोकाला शोधतंय."
"दाखव की त्याला."
"नको. सापडेल."

जुन्या सर्व्हरचा पंखा थांबवला.
खोलीत इतकी शांतता, की हीटर लाजला.
मग नव्या फाइलच्या माथ्यावर टिपण लिहिलं:
तात्पुरतं. सकाळी काढणे.
खाली माझं नाव घातलं, तारीख घातली,
आणि जरा थांबून, सालसुद्धा.