वाळवीची चाळीस पानं

रेजिस्त्रोत, रिबेरा नदीच्या वरच्या अंगाला
चहाचे जुने मळे आता केळीखाली गेलेत.
उरलेल्या साडेतीन ओळींच्या कडेला
कुमेजिरो बसतो, त्याच्यासमोर मी, इरासेमा,
तासाच्या बोलीवर.
सकाळी गोळ्या, दुपारी पेज, मग वाचन.

त्याचं पुस्तक उजवीकडून उघडतं, माझं डावीकडून.
त्याचं जपानी, आईच्या पेटीतून बोटीनं आलेलं,
पाठीवर खाऱ्या पाण्याचा डाग;
माझं पोर्तुगीज, पुतणीनं टपालानं धाडलेलं,
कोऱ्या कागदाचा वास अजून न गेलेलं.
कादंबरी एकच.
एकाच घराची दोन दारं
दोघांनी दोन बाजूंनी लोटावीत
तशी आम्ही पानं उलटतो.

तळटिपा मी गाळायचे.
तो म्हणाला, वाच, तीही वाच.
'हिबाची : कोळशाची शेगडी.'
एवढ्यावर त्याचे हात गुडघ्यांवरून उठले,
थोडे पुढे आले.
बाहेर छत्तीस डिग्री.

गोष्ट अशी : बर्फाळ गावातल्या निळीच्या रंगाऱ्याची बायको,
ओसाए, रात्री कंदील घेऊन घराबाहेर पडते.
पान एकशे बारा.
त्याच्या पुस्तकात यानंतर एकशे त्रेपन्न :
केस कापलेली ओसाए भलत्याच अंगणात
मुळे वाळत घालते आहे.
मधलं सगळं वाळवीनं खाल्लं,
चहाचे भाव पडले आणि खोकी गोदामातच राहिली
त्या साली.

बावन्न वर्षं तो त्या फटीपाशी उभा.
म्हणून हे पुस्तक. म्हणून मी.

त्याचं पोर्तुगीज बाजारापुरतं :
वजन, ओल, उचल, उद्या या.
'पश्चात्ताप' आला तेव्हा तो माझ्याकडे बघत राहिला.
मी म्हटलं, कोवळा पाला दोन दिवस उशिरा खुडला
आणि ते पोतं शिवताना कळलं.
हां, तो म्हणाला. पुढे.

चार दुपारी लागल्या.
ओसाए नदीकाठी नावेची वाट बघते.
नदी गोठलेली, नाव येत नाही.
ती वाट बघते.
नावाड्याची बायको तिला वाटीभर कांजी देते.
उजाडतं. कंदील विझवायचा राहून जातो.
ती वाट बघते.

बस्स? बस्स.

मला वाटलं, त्याचा डोळा लागला.
"मी तिला एक मुलगा दिला होता," तो म्हणाला.
"तापात गेला. मग एक आग.
मग नवऱ्याचं पत्र, तिनं न फोडलेलं,
केस त्यापायी कापले तिनं.
आता हे सगळं मी कुठे ठेवू?"

मला काही सुचेना.
मी औषधाचा चमचा धुऊन आले.

येते तो म्हणतो, अनुवाद चुकलाय.
मूळ पानं तर तुम्ही वाचलीच नाहीत, मी म्हटलं.
"म्हणूनच सांगतोय,"
आणि हसला, कवळी काढून ठेवलेल्या तोंडानं.

माझ्या पुस्तकाच्या शेवटी चार पानं कोरी होती.
तो सांगतो, मी बारीक अक्षरात लिहिते.
बाळाचं वजन सांगतो, ग्रॅममध्ये.
आगीत किती जळलं, आकड्यांसकट.
आकड्यांच्या मधलं मी भरते.
जपानीत तुम्हीच लिहा की, मी एकदा म्हटलं.
"नको. वाळवीला जपानी आवडतं."

चौथं पान संपत आलं.
मुलाला अजून ताप आलेला नाही.