जड

उतारावर काही कळलं नाही.
वेगात असताना कळतच नाही म्हणे.
कळलं ते रूवीच्या अलीकडे,
सिमेंटच्या त्या कॉफीदाणीला वळसा घालताना,
स्टिअरिंग एकाएकी
कुणी पलीकडून धरून ठेवल्यासारखं.

कॅमरी, सन दोन हजार तीन.
तिघांनी नांदवून सोडलेली, चौथे आम्ही.

जात्यावर म्हणे बायकांना ओव्या सुचत.
खुंटा ओढावा तसं मी दोन्ही हातांनी ओढलं,
बूड सीटवरून उचललं,
आणि मला जे सुचलं
ते शाल्मलीने माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.
"आई!"
"तू बाहेर बघ."

तिसऱ्या फाट्याला निघायचं होतं.
गाडी पहिल्यालाच निघाली, आपल्या मनाने,
मागे लँडक्रूझरचे हॉर्न घेऊन,
आणि एका लॉन्ड्रीसमोर
अर्धी फुटपाथवर चढून थांबली.

दुपारचे पावणेदोन. सेहेचाळीस अंश.
बॉनेट उघडून मी आत पाहिलं
जसं परक्याच्या देवघरात पाहावं,
हात न लावता.
लॉन्ड्रीतला शफिकुल इस्त्री सोडून आला,
वाकला, रस्त्यावरचा लाल थेंब बोटावर घेतला,
वास घेतला.
"तेल खतम, दीदी."

हेरंबला फोन लावला. दुक्म, साईटवर,
मागे वाऱ्याचा घों घों आवाज.
तीन आठवडे झाले त्याला तिकडे जाऊन.
मी सांगितलं. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही.
मग म्हणाला,
"डिकीत बघ. जॅकच्या मागे."

जॅकच्या मागे, जुन्या टॉवेलात गुंडाळलेल्या
सात रिकाम्या बाटल्या. एक अर्धी.
पाण्याच्या बाटलीचं डोकं कापून केलेलं नरसाळं.
प्रत्येक बाटलीवर मार्करने तारीख,
फेब्रुवारीपासूनच्या.
मी उभ्या उभ्या मोबाईलमध्ये ताडून पाहिल्या:
सगळे शुक्रवार.

शुक्रवारी मी नऊपर्यंत झोपते.
तो सांगून जायचा, गाडी पुसून येतो.
मला वाटायचं, काय हे गाडीचं वेड.
पुसलेली असायचीही, तो भाग खरा.

शफिकुलने नरसाळं धरलं, मी ओतलं.
सांडलं थोडं, इंजिनवर चर्र झालं.
मग स्टार्टर मारला
आणि स्टिअरिंग एका बोटाने फिरलं.
इतकं हलकं, की मला रागच आला.

वादी कबीरचा शिबू म्हणाला,
रॅक गेलाय, चेची. जुना टाकला तरी नव्वद रियाल.
नाहीतर तेल घालत राहा,
चालेल तितकी चालेल.
मी शाळेच्या फीची तारीख मनात मोजली
आणि चालेल म्हटलं.

रात्री दंड भरून आले.
शाल्मलीची वेणी अर्ध्यावर सोडली,
तिने स्वतःच घातली, वाकडी.
हेरंबचा फोन आला तेव्हा मी
पोळी न लाटता ब्रेड भाजत होते.
"गाडी?"
"फिरते."
"काय म्हणाला शिबू?"
"पाईप सैल होता. दोन रियाल."
"दोनच?"
"दोनच."
वारा घों घों.
"बरं झालं," तो म्हणाला,
आणि दोघांनीही फोन लगेच ठेवला नाही.

शुक्रवारी सहाला जाग आली. आलीच.
खाली पार्किंगमध्ये, चाकाच्या जरा आत,
रुपयाएवढा लाल डाग.
मी बाटली फोडली, या वेळी सांडलं नाही.
तारीख घालताना मार्कर अडला,
तळहातावर घासून चालू केला.

निघताना शाल्मलीने पांघरुणातूनच विचारलं होतं,
कुठे?
म्हटलं, झोप तू.
गाडी पुसून येते.