मिठाला जागणं

ऑगस्टचा दुसरा रविवार.
आलेंतेजूत या दिवसांत
सावलीसुद्धा भिंतीला पाठ लावून उभी राहते.
घरं चुन्यानं इतकी पांढरी
की डोळे मिटूनच बघावीत.

माझा भाऊ अदेरितू निळ्या लोकरीचा कोट चढवतो.
पितळेची नऊ बटणं, एकही सुटं नाही.
हा गणवेश बेतताना
शिंप्यानं जानेवारी धरला असणार.

सकाळी न्याहारीनंतर त्यानं गोळी घेतली,
पांढरी, चपटी, मधोमध चीर असलेली.
मीठच आहे हे, डॉक्टरीणबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या,
खडकातून काढलेलं,
आणि कागदावर दोन विहिरी काढून दाखवल्या होत्या.
एक भरलेली, एक आटलेली.
मीठ दोन्हींत तेवढंच.
आटलेलीतलं प्यायचं नाही.

अकरा वर्षं झाली.
त्याआधीचा अदेरितू रात्री तीनला
छपरावर चढून वाजवायचा,
मग महिनोन्महिने
वाद्याच्या पेटीवर धूळ.
आम्ही या मिठाला जागतो.

बॉम्बार्दिनू हे वाद्य तसं कुणी ऐकत नाही.
थांबलं की कळतं,
फ्रिजचं गुरगुरणं बंद झाल्यावर कळतं तसं.

गेल्या वर्षी त्यानं दुपारभर पाणी टाळलं.
मिरवणुकीत लघवीला कुठे जाऊ, म्हणाला,
आरोग्यमातेच्या पालखीसमोर?
दफनभूमीच्या वळणावर हात थरथरले.
थरथर तशी रोजचीच,
कॉफीच्या बशीला ठाऊक असलेली,
पण ही खांद्यापासून उतरलेली.
जीभ जड.
पाय न पिताच झिंगलेले.
चार दिवस एव्होराच्या इस्पितळात सलाइन,
आणि गावभर बोभाटा:
भर उन्हात ढोसली असणार.

म्हणून यंदा मी बँडच्या कडेनं चालते आहे.
ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली,
पिशवीत खारवलेले ऑलिव्ह.
निघताना त्याच्या कानांना क्रीम फासलं,
तो वैतागला, बेचाळीस वर्षांचा आहे मी.
कान अजून चारच वर्षांचे आहेत, मी म्हटलं.

पहिला मार्च. दुसरा.
थांबा आला की मी बाटली पुढे करते,
तो दोन घोट घेतो,
नजर माझ्याकडे नाही,
बँडमास्तर बेल्मिरूंच्या काठीकडे.
मेणबत्त्या पेटण्याआधीच वाकल्यात.
पालखी वाहणारा एक पोरगा ओठ चाटतो,
मी त्यालाही पाजते.

दफनभूमीचं वळण.
मी त्याचे हात बघते,
इतके बघते की माझेच थरथरू लागतात.

आणि तो रांगेतून बाहेर पडतो.
कुणी सांगितलं नाही. मीही नाही.
सुराच्या मध्यात, वाक्य अर्धवट टाकून उठावं तसा,
कारंज्यापाशी संत्र्याच्या झाडाखाली जाऊन बसतो.
टोपी काढतो.
मग नऊ बटणं, एकेक, सावकाश,
जणू गावाला मोजून द्यायची आहेत.

बरं नाही वाटत?

बरं आहे, तो म्हणतो.
बरं आहे तोवरच बसलो.

आणि हात पुढे करतो, तपासणीसाठी.
बशीला ठाऊक आहे तेवढीच थरथर.

बँड चढण चढून गेला.
सुरांच्या तळाला एक भोक पडलंय,
ढोलवाला फिर्मिनू मान वळवून शोधतोय
काय बंद पडलं ते.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
सगळ्यांना माझ्या भावाचं वाद्य ऐकू येतंय.

तो बाटली संपवतो, कारंज्यावर पुन्हा भरतो,
दोन ऑलिव्ह खातो, बिया खिशात ठेवतो.
शेवटचा झेंडा वळणाआड गेल्यावर उठतो
आणि भिंतीमागे निघतो.

आता कुठे?

लघवीला, तो म्हणतो.
आरोग्यमाता गेली पुढे.