अजून जरा डावीकडं

फोटो पोस्टकार्डाएवढा. मागं शाईनं लिहिलेलं :
हिंगणथडी स्टेशन, सकाळची डाऊन, मास्तर रजेवर.
साल लिहायचं राहिलं,
किंवा लिहिणाऱ्याला वाटलं असेल,
साल काय, कुणालाही विचारता येईल.

बार्शीच्या अलीकडं एसटीतून उतरलो.
सोबत गैबीसाहेब नदाफ, ऐंशीच्या आतबाहेर,
बाप पॉइंट्समन होता.
ते फोटो हातभर लांब धरतात, एक डोळा मिटतात,
मला सरकवत नेतात :
अजून जरा डावीकडं. हां. आता थांबा.
आता तुमी तिकिटाच्या खिडकीत हायसा.

मी कमरेएवढ्या तुरीत उभा.
खिडकीच्या जागी मोटारीचा स्टार्टर,
त्याला खताच्या पिशवीची टोपी.
फलाट म्हणजे हा बांध.
इतका सरळ बांध भावाभावांत कधी पडत नाही.
रूळ लिलावात गेले,
फलाटाचे दगड गावात तीन दारांपुढं धुणं सोसतात,
आणि पाटी म्हाळप्पा वाघमोड्याच्या शेळ्यांवर छप्पर आहे,
पालथी घातलेली. म्हणजे स्टेशनचं नाव
आता फक्त शेळ्यांना वाचता येतं.

फोटोतला निंब गुडघ्याएवढा, भोवती विटांचं कडं.
तो आहे. त्याच्यावरूनच मोजत आलो.
विटा खोडानं गिळल्या, एक अजून तोंडात दिसते.

फोटोत सगळे ताठ :
गार्ड, हमाल, तांब्या घेतलेली बाई,
इंजिनाची वाफसुद्धा थबकल्यासारखी.
उजव्या कडेला फक्त एक पांढरट फराटा.
कागदावरचा डाग समजून स्टुडिओतल्या पोराला म्हटलं होतं,
मोठ्या प्रतीत एवढा पुसून टाक.
त्यानं पुसला. फार सफाईनं.

गैबीसाहेबांचं बोट नेमकं तिथंच जाऊन टेकलं.
हालू नको म्हनला हुता फोटूवाला.
पर मला लघवीला लागलीती.

मोठी प्रत माझ्या पिशवीत होती.
काढली नाही.

तुम्ही तिकडं उभे राहा, मी म्हणालो, एक आजचाही घेऊ.
ते बांधावर चढले, टोपी सारखी केली,
हात कुठं ठेवायचे ते त्यांना सुचेना.
मी मोबाइलात बघत म्हणत राहिलो,
अजून जरा डावीकडं,
अजून जरा,
आणि ते तुरीतून सरकत राहिले
गाडीचा शेवटचा डबा उभा होता
तिथपर्यंत.