चौथा रकाना

फेब्रुवारीतला गुरुवार. बाहेर उणे एकोणतीस.
सस्कॅचेवानच्या सपाटीवर
गाड्यांच्या नाकातून निघालेल्या वायरी
चर्चच्या भिंतीत खोचलेल्या, इंजिनं गोठू नयेत म्हणून.
खाली तळघरात बावीस शेतकरी,
टोप्या गुडघ्यावर, हातात पातळ कॉफी,
आणि मी फळ्यावर तीन रकाने आखतेय:
काय होऊ शकतं. कितीदा होतं. आपल्याला किती झेपतं.

ऑरिन टोलेफसनला म्हटलं, नाणं दहादा उडवा.
सात वेळा छापा.
"म्हणजे आता काट्याची पाळी," तो म्हणाला.
सगळे हसले.
नाण्याला आठवण नसते, मी म्हटलं,
गारपिटीलाही नसते.
गेल्या साली तुमचं रान सुटलं
याची तिच्या वहीत नोंद नाही.

मग मसूर.
दोन वर्षं सोन्याचा भाव, म्हणून यंदा सगळीकडे मसूरच?
पाचांत एकदा बुरशी धरा,
दहांत एकदा बंदरावर अडकलेला माल.
गुणा. वजा करा. उरेल तो आकडा उशाशी घेऊन बघा,
झोप लागते का.
लागेल तेवढंच पेरा.

म्हातारा मायरॉन हालुश्चाक मागून बोलला,
"माझ्या बापानं असलं काही केलं नाही."
मग दोन वर्षांचं बियाणं कशाला राखून ठेवायचे ते?
मायरॉन गप्प.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"उंदीर फार व्हायचे."

शेवटी कागद गोळा केले.
गारपीट, भाव, डिझेल, व्याजदर,
अक्षरं निराळी, भीती तीच.
फक्त व्हर्ला टोलेफसनच्या कागदावर:
ऑरिनचा डावा गुडघा. दोनांत एकदा.
मुलगी शेतावर परतणार नाही. दहांत नऊदा.
मी निघून जाईन.
आणि त्यापुढे खोडरबरानं इतकं घासलेलं
की कागदाला भोक.
तिसरा रकाना कोरा.

ऑरिनचा कागद शोधून काढला.
गारपीट, भाव, डिझेल, व्याजदर. सुबक अक्षर.
व्हर्ला कुठेच नाही.

खिडकीतून पाहिलं:
ती स्टीअरिंगवर, इंजिन चालू.
तो दोन्ही हातांनी आपला पाय उचलून
आत ठेवत होता, जसं पोतं ठेवावं.
ती वाट बघत होती.
याला मी कुठल्या रकान्यात घालू?
मला शिकवलेल्या पुस्तकात
नवरा-बायकोचं प्रकरण शेवटी आहे, दीड पानाचं.
वेळ उरला तर घ्यावं, असं.

पुढच्या गुरुवारी कुणाचंही नाव न घेता
फळ्यावर एक उभी रेघ वाढवली.
वर लिहिलं: हे घरात कुणाला सांगितलंय?

पेनं थांबली.
भट्टीची घरघर तेवढी ऐकू येत होती.
मायरॉननं छताकडे पाहिलं. कुणीतरी खाकरलं.
मग ऑरिननं, मान वर न करता,
खोडरबर मागितलं.
व्हर्लानं आपल्या खिशातून काढून
टेबलावरून सरकवलं,
त्याच्याकडे न बघता.